मुखरूभाऊंचे दुपारचे आकडे

पोंभुर्ण्याच्या पलीकडे, जंगलाला टेकून असलेल्या एका गावात मुखरू ढिवराच्या बायकोला म्हातारपणी सवत आली. सवत काचेची, वीतभर लांब, पोटात लाल रेघ. मुखरूभाऊ तिला मच्छरदाणीच्या तुकड्यात गुंडाळून उशाशी घेऊन निजत.

"माह्या अंगात ताप होता तवा या माणसानं कपायाले हात नाई लावला," गुणाबाई बोअरिंगवर बायांना सांगे, "अन् तलावाचा ताप दिवसातून तीनदा पायते!"

बाया हसत. पण त्या जुन्या मालगुजारी तलावात मुखरूभाऊंचा शब्द शेवटचा होता, हे त्यांनाही ठाऊक होतं. पाण्यात पाय सोडून ते सांगत, मासळी कुठे बसली, जाळं आज टाकायचं की परवा. मच्छीमार सोसायटीचा अध्यक्ष बापूराव सख्ख्या भावाचं ऐकत नसे, तोही हे मुकाट ऐके. बासष्ट वर्षांत मुखरूभाऊंनी कमावलं ते एवढंच. घर गळकं, दात निम्मे पडलेले, शब्द तेवढा शाबूत.

सवत आणली ती नीलिमानं. भद्रावतीच्या ऑर्डनन्स कॉलनीतली ही पोरगी दूर किनाऱ्यावरच्या एका संस्थेत शिकत होती. समुद्राचं वरचं पाणी सकाळपासून संध्याकाळपर्यंत किती तापतं, किती निवतं, याचं गणित ती संगणकावर मांडत होती.

"समुद्र सोडून इथी काऊन आली?" बापूरावानं विचारलं. गावानं तर उत्तर आधीच काढून ठेवलं होतं: लग्न जमून नाही राह्यलं, म्हणून पोरगी फिरून राह्यली.

नीलिमानं शांतपणे समजावलं. वारा पडला आणि ऊन कडक असलं की समुद्राचं वरचं चार बोटं पाणीच फार तापतं. उपग्रहाला तेवढंच दिसतं, खालचं दिसत नाही. वरून खालचं ओळखायचं गणित तिला आधी लहान, शांत पाण्यावर तपासायचं होतं. गावाचाही त्यात फायदा होता. वरचं पाणी खालच्यापेक्षा पाच अंशांनी जास्त तापलं आणि एकदम वारा सुटला, तर तलाव ढवळतो, तळाचं कोंडलेलं पाणी वर येतं आणि मासळी गुदमरते. "अंतर वाढलं की मी फोन करीन," ती म्हणाली. "त्याच दिवशी जाळी टाकून मासळी काढून घ्या."

तळाला तिनं एक यंत्र सोडलं, ते आपसूक आकडे पाठवी. वरच्या पाण्यासाठी पिवळं तरंगतं यंत्र होतं, ते आठव्या दिवशी नाहीसं झालं. कुठे गेलं ते बापूरावाच्या म्हशींना विचारा. त्यांच्या टाक्यात तसलंच काहीतरी पिवळं तरंगत असे म्हणतात. मग उरला काचेचा थर्मामीटर, बुडाशी पाणी धरणारी वाटी लावलेला. आणि उरले मुखरूभाऊ. त्यांनी मोजायचं, फोनवर कळवायचं आणि वहीत लिहायचं.

पंचावन्न दिवस त्यांनी एकही खाडा केला नाही. एप्रिलच्या उन्हात माणसं घराबाहेर पाय काढत नव्हती, तेव्हा दुपारी दोन वाजता हा म्हातारा डोंग्यात बसून तलावाच्या मधोमध. बांधाच्या पाळीवरून पोरंटोरं ओरडत, "भाऊ, तलावाले गोळी द्या!"

दुपारचा आकडा एकोणतीस, कधी तीस. तळाचं पाणी अठ्ठावीस. अंतर कधी वाढलंच नाही.

"तुमचा तलाव मोठा शहाणा आहे भाऊ," नीलिमा फोनवर म्हणे. "माझ्या गणितात बसतच नाई."

"बाप्पा, त्याले कोनाच्या गनितात बसाची गरजच नाई," मुखरूभाऊ खूश होऊन म्हणत.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी वादळ आलं. मोहाची झाडं वाकवून तासाभरात गेलं, चार थेंब टाकून. सकाळी मुखरूभाऊ पाळीवर चढले आणि तिथेच बसले. पाणी दिसत नव्हतं. रोहू, कतला, पांढरी पोटं वर करून या काठापासून त्या काठापर्यंत. जिवंत होते फक्त मरळ. हवा घेणारी जात ती, मेलेल्यांच्या मधून तोंडं वर काढत होती. चाळीस घरांची वर्षाची मासळी संपली होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी नीलिमा आली. तोवर गावात ठरून गेलं होतं की पोरीनं पाण्यात औषध टाकलं. बापूरावानं पाळीवर माणसं गोळा केली होती. वास असा की लोक नाकाला दुपट्टे बांधूनच भांडत होते.

"फोन करतो म्हने! कुठी गेला फोन?"

नीलिमा गुडघाभर पाण्यात उतरली, थर्मामीटर चार बोटं बुडवून धरला, आकडा पाहिला. छत्तीस. मग मुखरूभाऊंची वही उघडली. पंचावन्न दुपारी, एकदाही तिशीच्या वर नाही. तिनं मान वर करून मुखरूभाऊंकडे पाहिलं. मग लोकांकडे वळून म्हणाली, "माझंच गणित चुकलं."

तिनं थर्मामीटर चार बोटंच बुडवला, हे मुखरूभाऊंनी पाहिलं होतं. ते गप्प राहिले असते तर कुणाला कळलं असतं? पोरगी परत समुद्राकडे गेली असती, शिव्या तिच्यामागे गेल्या असत्या, आणि त्यांचा शब्द होता तिथेच राहिला असता.

"तिचं नाई चुकलं," ते म्हणाले. "दुपारी मी खाली मोजत होतो."

"खाली म्हंजे?"

"मासळी असते तिथी. उन्हात ते खाली जाते, तर मीबी दोरी सोडत होतो. पुरुषभर." "वरचं पानी का तलाव असते? ते उन्हाचं पानी. ढिवर त्याले मोजत नाई."

गुणाबाईनं पदर तोंडाला लावला. मग बापूराव थुंकला आणि म्हणाला, "यंदापासून पानी दुसरं कोनी पायन." आणि फावडी घेऊन माणसं खड्डे खणायला निघाली. मुखरूभाऊही उठले; कुणी त्यांच्या हाती फावडं दिलं नाही.

नीलिमा तिथेच मोहाखाली वही घेऊन बसली.

"मले काऊन नाई सांगितलं भाऊ?"

"तुवा कवा इचारलं? तू पुसलं, पानी किती तापलं. मी सांगितलं."

चार बोटं हे तिनं पहिल्या दिवशी एकदा सांगितलं होतं, का सांगितलं नव्हतं, हे तिलाही नीट आठवेना. तिनं पेन काढलं आणि दुपारचे आकडे खोडायला लागली. एकेका आकड्यावर एक आडवी रेघ. मुखरूभाऊ शेजारी उकिडवे बसून पाहत राहिले. पान उलटलं, दुसरं उलटलं.

"सकायचे?" त्यांनी विचारलं.

"सकाळी कुठे मोजत होता?"

"सकायी मासळी वर येते. वरच मोजलं."

"मग ते ठेवते," ती म्हणाली, आणि पुढच्या दुपारवर रेघ ओढली.