हलणारं चित्र

चित्र हललं की आमचे शेजारी टॅब्लेट दोन्ही हातांनी घट्ट धरायचे. म्हणजे बघा, फोनवरून फुटबॉलचा सामना दाखवणारा माणूस तिकडे रोमानियात, हात कापतोय त्याचा. आणि हे इकडे अमेरिकेत, बॉथेलमध्ये, आपल्या गॅरेजात, टेबलावरचा टॅब्लेट दाबून धरून उभे. जणू इथून धरलं म्हणजे तिथलं थांबेल.

“अहो, हात तिकडे हलतोय,” मी म्हणायचे.

“ठाऊक आहे, दोआम्ना.” आणि पकड तशीच.

दोआम्ना म्हणजे त्यांच्या भाषेत बाईसाहेब. मला बाईसाहेब म्हणणारा या देशात हा एकच माणूस. त्यामुळे शनिवारी सकाळी घरचे झोपलेले असताना मी फिरायला म्हणून निघायचे आणि शेजारच्या गॅरेजपर्यंत फिरून थांबायचे. बाहेर अंधार, पाऊस. गॅरेजचं दार अर्धं वर केलेलं, आत एक पिवळा दिवा आणि त्याखाली हा उंच, वाकलेला म्हातारा एकटाच उभा. विमानाच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, बायको गेलेली. भिंतीशी दोन चांगल्या खुर्च्या होत्या, पण सामना चालू असताना ते बसायचे नाहीत. मला मात्र खुर्ची पुसून द्यायचे आणि कागदाच्या पुडीतून सूर्यफुलाच्या बिया. त्यांच्या गावी सामना बघताना त्याच खातात म्हणे. टरफलं खाली टाकायची, झाडायची नाहीत. मी दुसऱ्या शनिवारी झाडू घेऊन गेले, तर त्यांनी तो हसत हसत काढून घेतला.

आता मला फुटबॉलमधलं काय कळतं, विचाराल तर काही नाही. कॉलेजात असताना मी वादविवाद स्पर्धेत “खेळ हा बुद्धीचा शत्रू” अशा विषयावर टेबल बडवून बोलले होते. ढाल मिळाली. आणि त्याच संध्याकाळी हॉकीच्या मैदानाच्या जाळीला नाक लावून उभी! कारण काय, तर एका खेळाडूचे केस. त्या केसांशीच पुढे लग्न केलं आणि ते केस चार वर्षांत गेले. अशी ती विदुषी. आज भेटली तर तिला एक टपली मारीन आणि चहा करायला लावीन.

तर टॅब्लेटमध्ये दिसायचं काय? चिखल. पलीकडे कुंपण, कुंपणापलीकडे कधी गाय. एकदा कोंबडी मैदानात शिरली आणि दोन्ही संघ तिच्यामागे. माझी नात सई एकदा मला शोधत आली, डोकावली आणि म्हणाली, “आजी, सीरियसली? धिस इज अ फार्म.”

“शेत नाही,” ते गंभीरपणे तिला म्हणाले, “पाचवी डिव्हिजन.”

खेळाडूंच्या शर्टावर, डाव्या छातीवर, जिथं क्लबचं चिन्ह असतं तिथं काहीच नव्हतं. नुसतं लाल कापड. मी म्हटलं, शिवायचं राहिलं का? तेव्हा त्यांनी ती गोष्ट सांगितली.

त्यांच्या गावात कापडगिरणी होती आणि गिरणीचा क्लब. वडील दोन्ही मुलांना खांद्यावर आणि कडेवर घेऊन न्यायचे. मोठे हे, आणि एक धाकटा. गिरणी बंद पडली, मालक बदलत गेले, खेळाडूंना पगार मिळेना. एका उन्हाळ्यात क्लब गेला. माणूस जातो तसाच. मैदानात कमरेएवढं गवत उभं राहिलं, पायऱ्यांच्या भेगांतून झाडं आली. नाव आणि चिन्ह लिलावासाठी कुठल्या तरी कपाटात बंद झालं. मग एक श्रीमंत माणूस आला. त्यानं दुसऱ्या गावचा संघ विकत आणला, त्याला तेच लाल कपडे चढवले, गवत कापलं आणि दिवे लावले.

“मढ्याला कपडे घालून खुर्चीत बसवावं तसं,” ते म्हणाले. “काही लोक त्याच्यासमोर जाऊन बसलेसुद्धा.”

बाकीचे नाही बसले. त्यांनी एका बिअरच्या दुकानाच्या मागच्या खोलीत वर्गणी काढून आपला क्लब पुन्हा सुरू केला, सगळ्यात खालच्या पायरीपासून. मालक कोणी नाही, सभासदाला एक मत. हे बॉथेलहून मत द्यायचे. आणि चिन्ह परत मिळेपर्यंत छातीवरची जागा रिकामी ठेवायची, हेही मत घेऊनच ठरलेलं.

सामना चालू असताना कॅमेऱ्यामागून कुणीतरी खोकायचं. दोनदा सलग, आणि मग श्वास घेताना बारीक शीळ. दिसायचं कोणी नाही. क्वचित काचेवरचं पाणी पुसणारा एक अंगठा, एवढंच. तो खोकला आला की हे टॅब्लेटवर वाकायचे, आणि गोल होत असला तरी तिकडे लक्ष नसायचं. मी एकदा म्हटलं, “कुणीतरी आडुळशाचा काढा द्या हो त्याला.” ते हसले नाहीत. मला वाटलं, माझं इंग्रजी कळलं नसेल.

मग एका शनिवारी माझ्या तोंडून सहज निघून गेलं, “भाऊ, जरा ती पुडी द्या इकडे.”

“भाऊ म्हणजे काय?”

“म्हणजे ब्रदर. आमच्यात शेजाऱ्याला म्हणतात.”

त्यांनी पुडी दिली. मध्यंतरात पडद्यावर रिकामं मैदान आणि पाऊस. इकडेही पाऊस. मागून तो खोकला आला.

“तो माझा भाऊ आहे,” ते म्हणाले.

धाकटा गिरणीत होता, तिथल्या धाग्यांनी छाती भरली ती कायमची. श्रीमंत माणसानं दिवे लावले तेव्हा धाकटा तिकडे जाऊन बसला होता. फोनवर म्हणाला, “मला फक्त बाबांच्या पायरीवर बसायचंय.” यांनी इथून उत्तर दिलं, “मग मी तुझा भाऊ नाही.” तेव्हापासून बोलणं बंद. पुढे श्रीमंत माणूस कंटाळून निघून गेला, दिवे परत विझले. धाकट्याचं काय झालं, यांना ठाऊक नव्हतं. आणि एके दिवशी या चिखलातल्या सामन्यात, कॅमेऱ्यामागून, तो खोकला.

“आला परत. पण तोंड दाखवायचं नव्हतं त्याला,” ते म्हणाले. “म्हणून कॅमेरा धरला. कॅमेरा धरणारा दिसत नाही.”

“अहो मग फोन करा की!”

“वर चढू दे क्लब. मग.”

हे त्यांचं पालुपद. क्लब चौथ्या डिव्हिजनला चढला, मी म्हटलं, आता? “अजून एक चढू दे. मग.” चिन्ह परत मिळालं, छातीवर शिवलं गेलं, त्या दिवशी भावानं कॅमेरा एका खेळाडूच्या छातीपाशी इतका जवळ नेला की सगळा पडदा लाल झाला आणि थरथरत राहिला. यांनी टॅब्लेट धरला होता, तोही थरथरत होता.

नंतर मी त्यांना माझी मशीनची गोष्ट सांगितली. आमची आई गेल्यावर तिचं शिवणाचं मशीन कुणाचं, यावरून मी ताईशी अबोला धरला होता. तीन दिवाळ्या! मशीन माझ्याकडे, त्यावर भरतकामाचं कव्हर. आणि मला साधं बटण लावता येत नव्हतं. मोठी मानी बाई मी. कव्हरकडे बघून रोज मान ताठ करायची. शेवटी ताईच दारात आली आणि म्हणाली, “काय गं, तुमच्याकडे नळाला पाणी आलं का?” बस. एवढ्यावर संपलं.

“म्हणजे काय विचारायचं ते महत्त्वाचं नसतं, भाऊ,” मी म्हटलं. “पाऊस पडतोय का विचारा.”

ते हसले. “वर चढू दे, दोआम्ना.”

हिवाळाभर खोकला वाढत गेला. शीळ लांबत चालली. आणि वसंतात, ज्या दिवशी जिंकले तर क्लब तिसऱ्या डिव्हिजनला चढणार होता, त्या दिवशी चित्र हललंच नाही. एकदम स्वच्छ, स्थिर. कुणीतरी फोन स्टँडवर लावला होता. यांनी सवयीनं टॅब्लेट धरला आणि मग हात काढून घेतले. पूर्ण सामनाभर आम्ही ऐकत होतो. लोकांचा आरडाओरडा, ढोल, शिट्टी. तो खोकला नाही.

क्लब चढला. लोक मैदानात धावले, मोठमोठी माणसं चिखलात लोळून रडली. हे भिंतीशी जाऊन खुर्चीत बसले. पहिल्यांदाच.

मी सईला हाक मारली. व्हिडिओखाली लिहायला जागा असते, तिथं त्यांनी सांगितलं तसं तिनं टाइप केलं. कॅमेरा धरायचा तो कुठे आहे? सई एरवी सटासटा बोलणारी, त्या वेळी हळूच म्हणाली, “काका, देअर्स अ रिप्लाय.” हॉस्पिटलात आहे, असं उत्तर होतं.

दोन दिवसांत ते रोमानियाला निघाले. घराची किल्ली माझ्याकडे, टॅब्लेटही. दारात म्हणाले, “काय बोलू त्याच्याशी?” मी म्हटलं, सांगितलंय ना. आठवड्यानं मेसेज आला. “दोआम्ना, मी विचारलं, पाऊस पडतोय का. तो म्हणाला, समोर खिडकी आहे, बघ की.”

सामने पुन्हा सुरू झाले तेव्हा मी त्यांच्याच गॅरेजात जाऊन बघायला लागले. चित्र हलत होतं, चांगलं गदगदा. मागून तोच खोकला, दोनदा आणि शीळ. आणि त्यावर एक ओळखीचा आवाज, कुणाला तरी दटावणारा. भाषा कळली नाही. मध्येच मात्र स्पष्ट ऐकू आलं, “भाऊ!” माझाच शब्द, त्यांच्या र्र र्र करणाऱ्या भाषेत अडकलेला. मला सांगा, गॅरेजात एकटी बाई टाळ्या वाजवते आहे, हे कुणी पाहिलं असतं तर?

पुढे पानगळीत खोकला थांबला. तो दटावणारा आवाज मात्र होता. चित्रही हलत होतं, आता एकाच हाताचं, वेगळ्या तऱ्हेनं. मेसेज आला नाही, मीही केला नाही. नाताळानंतर तो आवाजही थांबला.

आता चित्र स्थिर असतं. चांगला कॅमेरा, चांगलं स्टँड, गवत हिरवंगार. सई म्हणते, “आजी, जस्ट आस्क देम. मी टाइप करते.” मी म्हणते, क्लब अजून एक चढू दे, मग.

दर शनिवारी मी दार अर्धं वर करते आणि दिवा लावते. बिया खाते, टरफलं खाली टाकते. मध्यंतर होतं, पडद्यावर रिकामं मैदान दिसतं. तेव्हा मी टॅब्लेट दोन्ही हातांनी धरते आणि थोडा हलवते.