रुक्मिणची नोंद

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. माझ्या आंधळ्या सासूनं सगळं ऐकलं होतं, पण तीही गेली. म्हणजे जाणणारी उरले मी एकटी — आणि आता तुम्ही.

परवा नात घरी आली. नर्सिंग शिकते. मोबाइलवर नकाशा काढून बसली — बाळंतपणात कुठल्या जिल्ह्यात किती बाया मरतात, त्याचे रंग. "आजी, आपला बीड बघ कसा फिका हाय. आन् ह्यो ऊसतोडीकडला लालभडक." मग त्या लालावर बोट ठेवून म्हणाली, "आई ह्याच्यात हाय."

तिचा बाप, म्हणजे माझा लेक, उठून बाहेर गेला. तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही.

त्या साली लेक आणि सून, रुक्मिण, तिकडं ऊस तोडायला गेले होते. तिला नववा लागला तसं लेकानं मालाच्या टेंपोत बसवून घरी धाडलं. हंगामात आमची वस्ती रिकामी. मी आणि सासू, दोघीच.

आता ऐका. रुक्मिण धड आली. फाट्यावर उतरली, गाठोडं डोक्यावर घेऊन चालत आली, भाकरी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कळा सुरू झाल्या. म्हणाली, "आत्या, दवाखान्याची गाडी बोलवा. मला काय बराबर वाटंना."

फोन कोनाड्यात होता. नंबर अंगणवाडीच्या भिंतीवर. मी म्हणाले, "लई शाणी झालीस. निम्मी वस्ती ह्याच हातानं काढली म्या."

कशासाठी म्हणाले? पोरी बाळंतपणाला दवाखान्यात जायला लागल्यापासून मला सुईण म्हणून कुणी बोलवत नव्हतं — घरातलं तरी माझ्या हातानं व्हावं, एवढंच. पोर झाली. रक्त थांबेना. तिनं अजून दोनदा गाडी मागितली. दुपारी मागायची थांबली.

नर्सबाई विचारायला आली. मी सांगितलं — टेंपोच्या धक्क्यानं वाटेतच बाळंत झाली, तिकडंच गेली, टेंपोवाल्यानं इथं आणून टाकली. उसाला गेलेल्या बाईचं कुणाला खोटं वाटणार? बाई म्हणाली, "मग आपल्याकडं न्हाई लिहिता यायचं, मावशी. मरण जिथं, नोंद तिथं." वही मिटली. तिला सुटल्यासारखं वाटलं असेल. मला तर वाटलंच.

लेकालाही तेच सांगितलं. आपणच तिला टेंपोत बसवलं, आपणच मारलं, असं तो अठरा वर्षं धरून आहे. त्यानंतर टेंपोत पाय ठेवला नाही. सिरसाळ्याच्या बाजारालाही चालत जातो.

आणि तिकडं तरी तिला कोण लिहिणार? तिकडं ती मेलीच नाही. ती लालात नाही, फिक्यातही नाही.

आज बाजार. लेक सकाळीच पिशवी घेऊन चालत निघाला. मी दारातच होते. "ऊन हाय, टोपी घे," एवढंच म्हणाले.