उलटा बसलेला पट्टा

तेव्हा मागच्या अंगणात मी, सासूबाई आणि आमचे हे, असे तिघंच होतो. ह्यांच्याकडे पट्टीश्वरमच्या देवळाच्या पितळी समयांचं काम होतं. हाताच्या करवतीनं पितळ कापून कापून ह्यांचा खांदा गेलेला, म्हणून जुन्या बाजारातून फिरत्या पट्ट्याच्या करवतीचं यंत्र स्वस्तात आणलेलं. ते चाललं नाही तर ह्यांना मद्रासला गिरणीत जायचं होतं, पेटीसुद्धा भरून ठेवलेली. पट्टा फिरायचा, पितळ तापून वास सुटायचा, पण पितळ काही कापलं जायचं नाही. हे आणखी जोर लावायचे. सासूबाई तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "अरे, पितळ कापतोस की मांजर कुरवाळतोस?" यंत्र थांबल्यावर मी पट्ट्यावरून बोट फिरवलं. "अहो, दात उलटे बसलेत की!" हे हसले, "बरं झालं, विळीवर बसणारी बायको केली!" मग पट्टा उतरवला, आतली बाजू बाहेर पलटून परत चढवला. पितळेचा पिवळा भुसा माझ्या पायांवर पडायला लागला, गरम गरम. मी आत गेले आणि पेटीतले ह्यांचे सदरे काढून परत दांडीवर टाकले. आता हे नाहीत, यंत्रही मोडीत गेलं. वाचणाऱ्यांनो, तुमच्या घरी कुणी पितळ कापत असेल तर मला बोलवा. मी कोपऱ्यात बसेन, काही बोलणार नाही.