मामांचं गाईड आणि मुंबईचा साहेब

आमच्या हिच्या मामांइतका वाद घालणारा माणूस साऱ्या सातारा जिल्ह्यात दुसरा नाही, आणि असलाच तर तो एकदा मामांशी बोलून कायमचा गप्प बसला असणार. फौजेत गाड्या आणि जनरेटर दुरुस्त करण्यात त्यांची वीस-बावीस वर्षं गेली. तिथे वरिष्ठांशी हुज्जत घालता येत नाही, म्हणून तेवढ्या वर्षांचा तुंबलेला साठा ते पेन्शनबरोबर रहिमतपूरला घेऊन आले. बँकेत दोरीने बांधलेल्या पेनाने ते सही करत नाहीत. "पेनाबाबत माझ्यावर इस्वास न्हाई, आन् सहीबाबत हाय व्हय?" असं त्यांनी मॅनेजरला विचारलं, तेव्हा बिचाऱ्याने स्वतःच्या खिशातलं पेन काढून दिलं. लग्नपत्रिकेत 'आहेर आणू नये' असं छापलेलं असलं की मामा हमखास आहेर नेतात. मला सांगणारे हे कोण, हा त्यांचा सवाल. औषधाच्या खोक्यातला बारीक अक्षरांचा कागद ते भिंगाखाली धरून शेवटपर्यंत वाचतात आणि मग डॉक्टरांना फोन करून त्यातल्या चुका सांगतात. मी साताऱ्यातल्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवतो, त्यामुळे सरकारशी चाललेल्या त्यांच्या लढायांत दुभाष्याचं काम भाचेजावई या नात्याने माझ्याकडे आलं. "जावईबापू, ह्ये वाचा आन् कुटं चुकलंय त्ये सांगा," असं म्हणून ते पत्र पुढे करतात. चुकलंय का, असं कधीच विचारत नाहीत.

सगळ्यात मोठी लढाई झाली ती आल्यावरून. रहिमतपूरकडे आलं भरपूर पिकतं. मामींच्या बचत गटातल्या बायका त्याच्या चकत्या करून वाळवायच्या आणि विकायच्या. विळीवर चकत्या करताना मामींचं बोट दोनदा कापलं. दुसऱ्या वेळी मामांनी विळी उचलून माळ्यावर टाकली आणि बाजारातून चकत्या करायचं यंत्र आणलं. ते यंत्र बटाट्यासाठी जन्माला आलेलं. आल्याचा गड्डा पात्यापुढे आला की अंग चोरायचा, वळायचा, आणि एक चकती कागदासारखी तर दुसरी बिस्किटाएवढी पडायची. पातळ चकती उन्हात करपायची, जाड चकतीला बुरशी यायची. आलंच वाकडं, त्याला यंत्र काय करणार, असं दुकानदार म्हणाला. "आलं वाकडंच असतंय. ह्ये मशीनला कळाय नगो?" असं म्हणून मामा जे पडवीत शिरले ते आठ महिने बाहेर आले नाहीत. जेवायलासुद्धा ते हातात पाना घेऊन यायचे.

आठ महिन्यांनी त्यांनी जे तयार केलं त्याला ते 'गाईड' म्हणतात. पात्याच्या अलीकडे सहा पोलादी बोटं, प्रत्येकाच्या मागे एक स्प्रिंग. गड्ड्याचा कोंब ज्या बोटाला लागेल तेवढंच बोट मागे सरतं, बाकीची पाच घट्ट धरून ठेवतात. गड्डा कसाही वाकडा असो, पात्यापुढे तो शहाण्यासारखा उभा राहतो आणि चकत्या एकसारख्या पडतात. खात्री करून घ्यायला मामांनी त्यातून हळद, सुरण, गाजर आणि शेजाऱ्यांच्या दारातली कोरफडसुद्धा काढली. कोरफडीबद्दल शेजारी अजून बोलत नाहीत. शिरवळच्या कारखान्यात नोकरीला असलेल्या त्यांच्या एका जुन्या फौजी दोस्ताने हे पाहिलं आणि याचं पेटंट घे, असं सांगितलं. संक्रांतीनंतर पुण्याच्या एका वकीलबाईंमार्फत अर्ज गेला. त्याच वर्षी पावसाळ्यात मामी अवघ्या पंधरा दिवसांच्या आजारात गेल्या. त्यानंतर मामा महिनाभर कुणाशीही भांडले नाहीत, आणि आम्हा सगळ्यांना त्याचीच धास्ती वाटायला लागली.

पुढे मुंबईच्या पेटंट कार्यालयातून परीक्षणाचं पत्र आलं आणि मामांच्या जिवात जीव आला. तिथल्या साहेबांनी लिहिलं होतं की यात नवीन काही नाही; जर्मनीत सॉसेज कापायच्या, जपानात मुळा कापायच्या आणि अमेरिकेत चीज कापायच्या यंत्रांना असं साधन पूर्वीपासूनच आहे. मी हे वाचून दाखवलं तेव्हा मामांचा चेहरा असा उजळला, की मुलीच्या लग्नातही तो तसा उजळला नव्हता. तीन देश एकदम अंगावर आले होते! "मुळा सरळ. चीज सरळ. त्ये सॉसेज का काय, त्येबी सरळ. आवं, सरळाला वाट दावाय अक्कल कशाला लागतीया? वाकड्याला धरून दावा म्हनावं!" हेच वाक्य वकीलबाईंनी कायद्याच्या भाषेत अकरा पानांत लिहिलं. मामा मात्र दोन किलो आलं आणि एक मुळा पिशवीत घालून पुण्याला गेले आणि हे उत्तराला जोडा म्हणून बसले. कार्यालय कागद घेतं, भाजी घेत नाही, असं बाई म्हणाल्या, तर तसा नियम दाखवा म्हणाले. शेवटी भाजीचे फोटो जोडण्यावर तडजोड झाली. आणि खरंच, सुनावणीची नोटीस आली तिच्या पहिल्याच पानावर जर्मनी, जपान, अमेरिका तिघांचेही आक्षेप मागे घेतलेले होते. मी पान उलटेपर्यंत मामांनी गल्लीत पेढे वाटायला सुरुवात केली होती.

दुसऱ्या पानावर एक नवा आक्षेप होता, आणि तो परदेशातला नव्हता. अर्ज करण्याआधीची खंडेनवमी. आपल्याकडे त्या दिवशी हत्यारांची आणि अवजारांची पूजा होते, आणि फौजेतल्या माणसाच्या घरी तर ती जोरात होते. मामांनी सगळी गल्ली बोलावली होती. यंत्राला झेंडूची माळ घातली, नारळ फोडला, बटण दाबलं, आणि पहिल्या चकत्या लिंबू-मीठ लावून प्रसाद म्हणून वाटल्या. मामींनी मोबाइलवर त्याचा व्हिडिओ काढला आणि बचत गटाच्या इंटरनेटवरच्या पानावर टाकला. त्यात त्या म्हणतात, "ह्ये आमच्या ह्यांनी केलंय. पात्याजवळ हात नेऊ नगा. ह्ये बोट बघा, कोंब आला की मागं सरतंय, बाकीची धरून ऱ्हात्यात. मागं स्प्रिंग हाय, ही अशी." पुढची तीन मिनिटं त्या एकेक भाग उघडून दाखवतात. साहेबांना नेमका तोच व्हिडिओ सापडला होता. पेटंटचा नियम असा की अर्जाआधी शोध जगजाहीर झाला, तर तो नवा राहत नाही. आणि मामींनी तो इतका नीट समजावून सांगितला होता, की आमच्या अकरा पानांपेक्षा त्या तीन मिनिटांत जास्त कळत होतं.

वकीलबाई म्हणाल्या, कायद्यात एक वाट आहे. शोध लावणाऱ्याच्या संमतीशिवाय दुसऱ्या कुणी परस्पर प्रसिद्धी केली असेल, तर सवलत मिळू शकते. तसं झालं होतं का? हा प्रश्न विचारताना त्या मामांकडे न बघता माझ्याकडे बघत होत्या. मी 'हो' म्हणून मान हलवली. लाज वाटते, पण सांगतो: ते प्रतिज्ञापत्र मीच टाइप केलं. 'सदर व्हिडिओ माझ्या दिवंगत पत्नीने मला न विचारता प्रसारित केला.' मी मामांना म्हणालो, "मामा, एक सही. मामींना आता त्याचं काय? उलट त्यांनाही हेच हवं असतं." मामांनी कागद वाचला. भिंगाखाली धरून, अगदी औषधाच्या कागदासारखा. मग माझ्या हातात परत देत म्हणाले, "कुटं चुकलंय त्ये सांगू? ती मला इचारून टाकत हुती. मीच म्हनलं, टाक, जगाला बघू दे. आता ती बोलाय न्हाई म्हनून तिच्यावर ढकलू व्हय?"

सुनावणी माझ्या घरून, कॉम्प्युटरवर झाली. पडद्यावर मुंबईचे साहेब दिसताच मामा जे ताडकन उभे राहिले ते बसेचनात, त्यामुळे पहिली पाच मिनिटं साहेबांना फक्त कोटाची बटणं दिसली. साहेब सज्जन होते. त्यांनीही तोच प्रश्न हळुवारपणे विचारला: व्हिडिओ आपल्या संमतीने गेला होता का? वकीलबाई खोकल्या. मामा फौजी हिंदीत कडाडले, "साब, मशीन की पूजा चोरी से नहीं करते! मैंने बुलाया, मैंने दिखाया, मैंने डालने को बोला. लिख लो साब!" साहेबांनी लिहून घेतलं.

महिन्याभरात अर्ज नामंजूर झाल्याचा आदेश आला. मी तो वाचून दाखवताना शब्द गिळत होतो, पण मामांनी एका वाक्याला मला थांबवलं आणि तीनदा वाचायला लावलं. अर्जदाराने स्वतः बनवलेलं, याच गाईडचं यंत्र त्या खंडेनवमीला लोकांसमोर चालू होतं, असं त्यात होतं. "म्हंजी जर्मन पडला, जपान पडला, अमेरिका पडली. मला पाडाय माझंच मशीन लागलं! आन् त्ये मी केलंय, ह्ये सरकारनं लिहून दिलंय. आता आनि काय पायजे?" त्यांनी त्या आदेशाला प्लास्टिकचं आवरण करून घेतलं आणि तो पडवीत यंत्राच्या वर टांगला. आता कोरेगाव तालुक्यात दोन-तीन जण तसलं गाईड करतात. मामा त्यांच्याकडे जाऊन भांडतात, पण नक्कल केली म्हणून नव्हे. स्प्रिंग कमजोर लावली म्हणून.

परवा गेलो होतो तेव्हा आम्ही दोघंच पडवीत बसलो होतो. मग नेहमीचा चढा सूर सोडून त्यांनी मला विचारलं, "जावईबापू, त्या सायबानं निकाल द्यायच्या आदी व्हिडिओ सगळा बघितला आसंल न्हवं?"

"बघावाच लागतो, मामा. शेवटपर्यंत."

"तिनं मुंबई कवा बघितली न्हाई," मामा म्हणाले. "पर तिचं बोलनं तितल्या सायबाला पटलं."