गोठ्याकडचा कोपरा

"लिहिलं हाये ते चित्रात काऊन काढू? ते तं लिहिलं हाये ना."

आमच्या प्रेसमध्ये येणाऱ्या प्रत्येक लेखकाने बाईंचं हे वाक्य कधी ना कधी ऐकलेलं आहे. ते बोलून झालं की बाई अंबाड्यात खोचलेली पेन्सिल काढत आणि लेखक खुर्चीत जरा मागे सरकून बसे.

बाई धाड गावच्या एका शाळेत ड्रॉइंग शिकवत. शनिवारी सकाळची शाळा सुटली की एसटीने बुलढाण्याला येत. मी प्रेसमध्ये पुस्तकांची पानं लावतो. आमचे मालक स्थानिक लेखकांची पुस्तकंही काढतात, त्यांतली चित्रं बाईंची असत. खुर्ची दिली तरी त्या बसत नसत. कागदाच्या गठ्ठ्यावर बसून, पदरात भुईमुगाच्या भाजलेल्या फल्ल्या घेऊन हस्तलिखित वाचत आणि टरफलं माझ्या टेबलावर ठेवत.

तुम्ही पुस्तकांतली चित्रं नीट पाहत असाल तर तुमच्याही लक्षात आलं असेल. गोष्टीत पोरगा झाडावर चढला की चित्रातही पोरगा झाडावर चढलेला असतो. बाईंना याचा भयंकर तिटकारा. गोष्ट वाचून झाली की त्या लेखकाला बोलावून घेत आणि त्याने जे लिहिलेलं नाही तेच विचारत. तो जे उत्तर देई, त्याचं चित्र काढत.

एका कवींनी आईवर अख्खा संग्रह लिहिला होता. बाईंनी विचारलं, "तुमच्या मायच्या कपाळावर गोंदलेलं होतं का?" कवी छताकडे पाहू लागले. "असावं," म्हणाले. बाईंनी मुखपृष्ठावर चुलीपुढे बसलेली पाठमोरी बाई काढली. कवी खूश. काय गूढ चित्र आहे म्हणून वर्षभर लोकांना दाखवत हिंडले. मी बाईंना विचारलं तर म्हणाल्या, "गूढ कायचं, भाऊ? यानं तिचं तोंड नीट पाह्यलंच नाई कधी." त्या संग्रहातली एकही कविता मला आज आठवत नाही, मुखपृष्ठ मात्र आठवतं.

बाई स्वभावाने गोड होत्या असं मी म्हणणार नाही. आपल्या चित्राबद्दल त्यांना कोणाचा शब्द खपत नसे. एकदा एक चित्र पानात बसेना म्हणून मी किंचित लहान केलं, तर महिनाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. चहा मात्र माझ्याच खात्यावर पीत राहिल्या.

मग सरांचं पुस्तक आलं. सर म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक, जिल्ह्यात मोठा मान. बालपणाच्या गोष्टी लिहिल्या होत्या. त्यातली मुख्य गोष्ट वडिलांची. दुष्काळाच्या वर्षी वडिलांनी धान्याची कोठी उघडली आणि गावाला वरण आणि कणकेच्या बट्ट्यांचं जेवण घातलं. शेवटचं वाक्य असं होतं: 'त्या दिवशी आमच्या दारातून एकही माणूस उपाशी गेला नाही.' ते वाचून आमच्या मालकांनी डोळे पुसले होते.

बाईंनी सरांना बोलावलं.

"अख्खं गाव जेवलं, सर?"

"अख्खं."

"मंग बसलं कुठं एवढं गाव?"

सर रंगात आले. "अंगणात पंगती. ओसरीवर पाहुणे. आणि ती वेशीबाहेरची मंडळी गोठ्यापाशी. त्यांचं वेगळं असायचं तेव्हा. पण जेवण तेच बरं का, त्यात भेद नाही."

हे ते अगदी अभिमानाने सांगत होते. बाईंनी हातातली शेंग न फोडताच पदरात टाकली आणि अंबाड्यातली पेन्सिल काढली.

चित्र आलं. अंगणात पंगत बसलेली, सरांचे वडील तुपाचं भांडं घेऊन उभे. डाव्या कोपऱ्यात गोठ्याच्या भिंतीशी घरून आणलेल्या ताटल्या पुढे ठेवून काही माणसं बसली आहेत. त्यांना एक लहान मुलगी वाढते आहे. तिने हात खांद्याच्या वर धरला आहे आणि तिथून ती बट्टी खाली सोडते आहे. बट्टी अजून हवेतच आहे.

सरांनी मजकुरातल्या चुका बारकाईने काढल्या, चित्रांवरून फक्त नजर फिरवली. वडिलांच्या मिशा जमल्यात म्हणाले. पुस्तक निघालं, सर शाळाशाळांतून बोलायला जाऊ लागले, आणि मुलं त्यांना एकच विचारू लागली: ती मुलगी वरून का टाकते? वडिलांबद्दल कोणी विचारेना. सर तणतणत प्रेसमध्ये आले.

"मी असं लिहिलेलंच नाही, बाई."

"लिहिलं नाई. पण सांगितलं तं तुम्हीच."

"पुढच्या आवृत्तीत तो कोपरा काढून टाका."

"कोपरा काढला तं ते लोक जेवले कुठं, सर?"

सर चहा न घेता निघून गेले. मी बाईंना विचारलं, "तुमच्या घरचं कोणी बसायचं का असं गोठ्यापाशी?"

"नाई. आमचं घर पंगतीतलं," त्या म्हणाल्या. "मी टाकलेली हाये अशी बट्टी. माय म्हने, हात लागू देऊ नको. एका म्हातारीची बट्टी मातीत पडली. तिनं फुकून खाल्ली, अन् मलेच म्हने, जाऊ दे माय." त्यांनी टरफलं गोळा केली. तसं त्या कधी करत नसत. "बाकीची चित्रं गेली तरी चालते, भाऊ. हे राह्यलं पाह्यजे."

ते राहिलं नाही. सरांच्या अमृतमहोत्सवाला दुसरी आवृत्ती निघाली, जिल्ह्यातल्या शाळांना फुकट वाटण्यासाठी. ती पुण्यात छापली. सरांच्या नातवाने एका संध्याकाळी एआयकडून सगळी नवी चित्रं करून घेतली. नव्या पंगतीत सगळे फेटेवाले, सगळ्यांचे चेहरे एकाच माणसाचे, सगळे हसतात. गोठा नाही, मुलगी नाही. आतलं पान मात्र पहिल्या आवृत्तीतलंच उचललं होतं, त्यामुळे त्यावर 'चित्रे' या शब्दापुढे बाईंचं नाव तसंच राहिलं.

बाईंना हे कळलं ते शाळेतल्या एका शिक्षिकेकडून. "मॅडम, पंगत लई छान काढली तुमी," ती म्हणाली. बाईंनी सरांना फोन केला. मी समोर होतो. चित्रं तुमची, गोष्ट तुमची, माझं नाव काढा, एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. सर म्हणाले, आता छापून झालं. आणि नाव ठेवलं म्हणून भांडणारी पहिलीच बाई पाहिली, मी तर मोठेपणानं ठेवलं होतं. मला सरांचा तेव्हा राग आला आणि तो अजून गेलेला नाही. चित्र काढून टाकतात ते मी समजू शकतो. पण बाईंच्या नावावर ते खोटं बसवायचं आणि वर उपकार सांगायचे, याला माझ्याकडे शब्द नाही.

शाळेत आलेल्या प्रतींवर बाईंनी स्वतःचं नाव काळ्या पेनाने खोडलं. शाळेची पुस्तकं खराब केली म्हणून मुख्याध्यापकांनी त्यांना समज दिली. सरांनी मोठ्या मनाने नव्या प्रती पाठवल्या. त्यानंतर बाई प्रेसमध्ये आल्या नाहीत. मालकांनी दोनदा हस्तलिखितं पाठवली, ती तशीच परत आली. मी धाडला गेलो तेव्हा म्हणाल्या, "आता काय, भाऊ. सांगितलं की ते काढून देते ना मशीन." चहा त्यांनीच पाजला.

यंदा थंडीत त्या गेल्या. रक्तदाब होता, गोळ्या घेत नव्हत्या. शाळेने शोकसभा ठेवली. मंचावर मोठं फ्लेक्स लावलं होतं, मधोमध बाईंचा फोटो, आणि मागे पूर्ण रुंदीभर त्यांचं म्हणून पुस्तकातलं पंगतीचं चित्र. नव्या आवृत्तीतलं.

मी शेजारच्या मुख्याध्यापकांना म्हटलं, हे चित्र बाईंचं नाही. ते म्हणाले, "पुस्तकात नाव तं त्याईचंच हाये ना."

सर बोलायला उभे राहिले. "बाईंनी आपल्या चित्रातून सगळ्या गावाला एका पंगतीत बसवलं," ते म्हणाले. हे ते अगदी मनापासून म्हणत होते. पोरांनी टाळ्या वाजवल्या, मग शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत म्हणून कोणीतरी त्यांना गप्प केलं. आम्ही सगळे श्रद्धांजलीसाठी उभे राहिलो. मी फ्लेक्सचा डावा कोपरा पाहत होतो. तिथेही फेटा घातलेला एक माणूस बसून हसत होता.