मागच्या बाकातली सवत

माझ्या दुकानात आलेल्या एका बाईला मी तोंडावर खोटं सांगितलं. तिनं विचारलं, घावलं का, आणि मी म्हणालो, न्हाई. ती वस्तू तेव्हा आमच्यापासून चार पावलांवर, मीच घातलेल्या शिवणीच्या आत होती. हे मी बायकोला सांगितलेलं नाही. आईला तिच्या शेवटच्या दुखण्यात सांगावंसं वाटलं, तेव्हा तिच्या पायाला तेल चोळत बसलो आणि गप्प राहिलो. गप्प राहणं मला सोपं जातं. लोक त्याला सरळपणा समजतात.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. निरगुडसरला माझं सीट-कुशनचं दुकान होतं. पुढं पत्र्याचा मांडव, आत शिलाई मशीन आणि रेक्झिनचे गुंडाळे. ट्रॅक्टरची सीट, मोटारसायकलची सीट, टेम्पोचं छत, असली कामं यायची. त्यात एक दिवस निमगाव सावाचे एक बागायतदार जुनी पेट्रोल जीप दुसऱ्या गाडीला बांधून ओढत घेऊन आले. मी त्यांना अण्णा म्हणायचो. मुलाचं लग्न ठरलेलं आणि वरात याच गाडीतून काढायची हौस. त्यांच्या लहानपणी त्यांच्या वडिलांकडं अशीच जीप होती म्हणे.

"मास्तर, कंपनीतनं निघाली तशी पायजे. आजकालचं चकाचक रेक्झिन नको. आन मागची सीट आशी करा, का नवरी उतरायचं नाव घेणार न्हाई."

ही जीप बरीच वर्षं डिंभ्याकडं वडापला, म्हणजे सीटामागं भाडं घेऊन, चालत होती. एसटीचा भरवसा नाही, त्यामुळं डोंगरातली माणसं, कोंबड्या, तांदळाची पोती, सगळं त्यातच. वडापवाल्यानं जास्तीच्या फळ्या ठोकून बाकं वाढवली होती. डॅशबोर्डवर कुणाकुणाच्या देवांचे स्टिकर, मीटरची काच फुटलेली, गाठी मारलेल्या वायरी लोंबकळत होत्या. अण्णांनी चौकशी मात्र एकच केली होती. "मढं वाहिलेली न्हाई ना, एवढं बघून घेतली. लग्नाची गाडी हाय, मास्तर."

काम मला आवडलं, खोटं कशाला बोलू. जास्तीच्या फळ्या उपटल्या. डॅशबोर्ड खरवडला तसा खालून जुना हिरवा रंग वर आला. मीटरला जुन्या बाजारातून काच आणली, बटणं रॉकेलमध्ये भिजत घातली. हुडाला जाड कॅनव्हास बेतला, त्याचे पट्टे आणि पितळी बकलं हातानं बसवली. शेवटी राहिलं ड्रायव्हरच्या मागचं आडवं बाक. ते मूळचं होतं. रेक्झिनवर रेक्झिन, ठिगळावर ठिगळ, उजव्या कडेला खोलवर उसवलेलं. मी एकेक थर सोलत गेलो. तळाशी काथ्या होता, वर्षानुवर्षं माणसं बसून ढेपेसारखा झालेला.

त्या काथ्यात टाक सापडला.

नखाएवढा चांदीचा पत्रा, त्यावर उभ्या बाईची आकृती, वर कडी आणि कडीत तुटलेला काळा दोरा. मी बघताक्षणी ओळखलं. आपल्याकडं पहिली बायको मेलेली असली की दुसरीच्या गळ्यात तिचा टाक बांधतात. ती सवत. सणाचा घास आधी तिला दाखवायचा. नवं लुगडं आधी तिच्यावरून उतरवायचं, मग दुसरीनं नेसायचं. मेलेली शांत राहावी म्हणून जिवंत असलेलीनं हे जन्मभर करायचं. पत्र्याच्या खाचेत हळद होती. जुनी हळद काळी पडते. ही पिवळी होती, आणि बोटाला ओली लागली.

मी तो मशीनशेजारच्या फळीवर, दोऱ्याच्या रिळांमागं ठेवला आणि कामाला लागलो. नवा काथ्या पिंजून बाकावर घट्ट दाबून भरला, वर गोणपाट ताणून बसवलं. जेवून आलो तर बाकाच्या उजव्या कडेला खोलगट जागा झालेली. कुणी नुसतं टेकून उठावं तेवढीच. मला वाटलं, भरताना हात कमी पडला. उपसून पुन्हा भरलं. दुसऱ्या दिवशी भर दुपारी, रस्त्यावर चिटपाखरू नसताना, मांडवाकडं पाठ करून मी दोरा ओवत होतो. मागं बाक करकरलं. वळून बघितलं तर कुणी नाही. खळगा मात्र परत तिथंच, आणि गोणपाटाला हळदीचा वास.

काथ्या आपोआप बसतो, गोणपाट दमट हवेत सैल होतं, हे मला माहीत आहे. हे कामच माझं. तरी मी त्या बाजूला पाठ करायचं सोडलं.

आता त्या टाकाचं करायचं काय? परक्या घरची मेलेली बाई घरात आणता येत नाही. तिला टाकून देता येत नाही. तिच्या माणसांना न विचारता नदीत सोडणं म्हणजे एखाद्याला बळंच घराबाहेर काढल्यासारखं. आणि अण्णांना सांगितलं असतं तर त्यांनी गाडी तिथंच सोडली असती. माझ्या हातून झालेलं इतकं सुरेख काम मांडवाखाली सडलं असतं. मग मला जे सुचलं ते आमच्यासारख्यालाच सुचावं. ती जिथं होती तिथंच राहू दे. मी टाक त्या खळग्यात ठेवला, कापसाच्या पेळूत गुंडाळून. वर काथ्या, वर कोरं कॅनव्हास, आणि दाभणानं चारी बाजूंनी बारीक शिवण घातली. शिवताना मनात आलं, नवं कापड आधी तिलाच मिळालं.

त्यानंतर खळगा पडला नाही. मला वाटलं, मी बरोबर केलं.

आठवड्याच्या आतच ती बाई आली. डोंगरातली, माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची, पायात धुळीनं भरलेल्या चपला. गळ्यात मणी होते आणि जिथं टाक असायचा तिथं गाठ मारलेला नुसता दोरा. अण्णा तेव्हा काम बघायला आले होते आणि जीपमध्ये ऐटीत बसून स्टिअरिंग फिरवत होते. ती मशीनपाशी येऊन हळू बोलायला लागली.

"भाऊ, ही डिंभ्याची गाडी ना? डायवरनी सांगितलं, इकली म्हणून. मी घोडेगावावरनं येत व्हते, मागल्या बाकावर, कडंला. पोरगं मांडीवर व्हतं, त्यानी दोरा वढला. घरी जाऊन बघते तर गळ्यात सवत न्हाई. तुमाला सीटात काय घावलं का?"

मी दाभणात दोरा ओवू लागलो. ती पुढं बोलली, "सासू म्हणती, मीच फेकली. सवत नको झाली म्हणून फेकली. मला आईकडं घालवलंय. पोरगं ठिवून घेतलंय त्यांनी. म्हणती, ती घिऊन ये, मग पोरगं भेटल."

"दुसरा घडवून घ्यायचा सोनाराकडनं," मी म्हणालो. बोलायचं म्हणून बोललो.

"भगत न्हाई म्हणतो. तो म्हणला, ती हरवली न्हाई, कुठंतरी बसलीया. बसलेलीला उठवल्याबिगर दुसरी घडवायची न्हाई."

माझी नजर बाकाच्या उजव्या कडेकडं गेली. तेवढ्यात जीपमधून अण्णांचा आवाज आला, "काय हरवलं, बाई?"

"देव," ती म्हणाली.

"आवो, आमच्या गाडीत देव बसला आसंल तर आमी भाडं न्हाई घेणार!" अण्णा खदाखदा हसले. "काय मास्तर, घावला का?"

"न्हाई," मी म्हणालो. मग तिच्याकडं बघून, "न्हाई बाई. काथ्या सगळा मीच झाडलाय. काय न्हाई घावलं."

ती जीपजवळ गेली. अण्णांना विचारून तिनं त्या नव्या बाकावर हात फिरवला. हात उजव्या कडेपाशी येऊन थांबला. ती तशीच उभी राहिली, दार ठोठावून आतून कुणी ओ देईल म्हणून माणूस थांबतो तशी. मग पदर सावरून निघून गेली. अण्णा म्हणाले, "डोंगरातली माणसं लई भोळी, राव." मी हो म्हणालो.

मी तिच्या मागं जाऊ शकलो असतो. रस्ता एकच होता आणि ती हळू चालत होती. अण्णा गेल्यावर कडेची शिवण उसवून टाक काढता आला असता, डिंभ्याला पोचवता आला असता. पण मग एकदा न्हाई म्हटलेलं खोटं ठरलं असतं. रोज वाटायचं, उद्या. तेवढ्यात गाडी निमगावला गेली.

वरातीला मला आवर्जून बोलावणं होतं. बँडच्या तालावर जीप मुंगीच्या पावलानं चालली होती. नवरा-नवरी मागच्या बाकावर, नवरी उजव्या कडेला. तिला तिथं बसवू नका, असं मला ओरडावंसं वाटत होतं, आणि मी गाडीच्या कडेनं चालत राहिलो. ती सारखी चुळबुळ करत होती. करवलीला म्हणाली, "हितं वलं लागतंय गं." करवलीनं चाचपून बघितलं आणि म्हणाली, "कोरडं तर हाय. उगा नखरे नको करू." ती उतरली तेव्हा शालूवर मागं हळदीचा डाग होता. लग्नात हळद कुठंही लागते. ती पुढं छान नांदली, तिला दोन मुलं झाली, तिचं काही वाईट झालं नाही. भोगायचं ते दुसरीकडं चाललं होतं.

डोंगरातल्या बाईची खबर मला माल घ्यायला घोडेगावला गेलो की मिळायची. मी विचारायचो नाही, फक्त कान द्यायचो. ती भावाकडं भातशेतीला राबते. नवऱ्यानं तिला परत आणलं नाही. पोरगं आजीकडं वाढतं, आईनं घरातली बाई फेकून दिली असं ऐकत.

पुढं दोन हजारनंतर कधीतरी अण्णांनी जीप पुन्हा माझ्याकडं आणली. ती कांद्याच्या बराकीत उभी असायची आणि बाक पिचलं होतं. ते गेल्यावर मी मांडवाला ताडपत्री ओढून घेतली आणि शिवण उसवायला बसलो. शिवण माझीच होती, एक दोरा तुटलेला नव्हता. आत खळगा होता. पेळू होता, पिवळा पडलेला. टाक नव्हता. मी काथ्याचा धागा धागा सोडवला, फळी उलटी केली. फळीच्या सांध्याला उंदरानं कुरतडून बोट जाईल एवढं भोक पाडलं होतं. त्यातून टाक पडला असेल, बराकीत, रस्त्यात, कुठंही. असंच झालं असणार. पण पेळू हातात धरून बसलो असताना मला वाटलं, बसून बसून ती उठून गेली.

त्यानंतर एकदा घोडेगावच्या स्टँडवर ती समोर आली. केस अकाली पिकले होते. तिनं मला ओळखलं.

"भाऊ, त्या गाडीत परत कधी घावलं न्हाई ना काय?"

"न्हाई," मी म्हणालो.

ते खरं होतं. आयुष्यात इतकं घाण खरं मी कधी बोललो नाही. तिनं मान हलवली आणि म्हणाली, "तुमी तरी काय करणार." आणि गाडीत चढली.

टाक आता मी देऊ शकत नाही. तिच्या सासरच्या अंगणात उभं राहून, तिच्या मुलाच्या देखत मला सांगायचं आहे, की त्याच्या आईनं तो फेकला नव्हता, तो मला सापडला होता, मी तो लपवला आणि खोटं बोललो. एवढं मी तिचं देणं लागतो. ते मी अजून दिलेलं नाही.