दत्तोपंतांची न विकायची फ्रेम

दत्तोपंत तुटलेलं पातं कधी टाकून देत नसत. फ्रेटच्या करवतीचं ते पातं म्हणजे वीतभर लांबीची, दोऱ्याएवढी बारीक पोलादी पट्टी. वळणावर हात जरा तिरपा झाला की मोडायची. मग दत्तोपंत दोन्ही तुकडे चिमटीत धरून उजेडाकडे बघत आणि एका रिकाम्या औषधाच्या बाटलीत टाकून बूच लावत. बाटलीवर त्यांच्या वळणदार अक्षरात चिठ्ठी होती : ‘पोटात घेण्यासाठी नाही’. ती वाचून नवखा माणूस हसे; ते स्वतः हसत नसत.

ते मूळचे साताऱ्याचे. सांगलीत एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. आमच्या दोघांच्या खोल्यांपुढे एकच सोपा होता. मी हळदीच्या पेठेत वजनकाट्यावरचा कारकून. सकाळपासून पोती तोलायची आणि आकडा मोठ्यानं सांगायचा, एवढंच माझं काम. संध्याकाळी घरी आलो की दत्तोपंत सोप्यावर पाटाला पाट लावून बसलेले दिसत. सागाच्या पातळ फळीवर नक्षीचा कागद खळीनं चिकटवलेला असे. गिरमिटानं बारीक भोक पाडायचं, त्यातून पातं ओवायचं, करवतीच्या लांब कमानीत ते ताणून बसवायचं आणि रेघेवरून खालीवर चालवायचं. वळण आलं की त्यांचा श्वास थांबे. वळण संपलं की ते फुंकर मारून भुसा उडवत आणि मग माझी चौकशी करत.

एकदा मी विचारलं, की आधी बाहेरचा आकार कापून घेतला तर फळी हलकी नाही का होणार? त्यांनी मला पोरासारखं समजावलं.

“आतली भोकं आधी, अण्णा. बाहेरची रेघ शेवटी. ती एकदा कापलीत, की मग धरायला काही उरत नाही.”

दिवाळीनंतर सांगली-साताऱ्याकडे प्रदर्शनं भरत, तिथे ते चार हात जागा घेऊन बसत. कोनाड्यातले देव्हारे, पत्रं ठेवायच्या चौकटी, घड्याळाची घरं, फोटोच्या फ्रेमा असा माल असे. वर्षभराच्या संध्याकाळी त्यात गेलेल्या असत. तरी विकताना त्यांना संकोच वाटे. एकदा कवठे महांकाळकडचे एक पाटील देव्हारा उलटसुलट करून म्हणाले, “निम्मं लाकूड तर तुमी भोकांत घालवलंय. मग किंमत बी निम्मी घ्या की.” दत्तोपंत शांतपणे म्हणाले, “लाकूड फुकटच आहे, पाटील. पैसे भोकांचे.” पाटील खूश झाले आणि घासाघीस न करता देव्हारा घेऊन गेले.

मालात एक फ्रेम मात्र विकायची नव्हती. ती मागच्या बाजूला, धुतलेल्या पंच्यात गुंडाळून ठेवलेली असे. कुणी जाणकार आला तरच ती उघडत. तिच्यात दोनशे बारा भोकं होती. मी मोजली होती. त्यांची पत्नी साताऱ्याला वारली, त्यानंतरच्या चार महिन्यांत त्यांनी ती कापली. कडेनं फुलांची एकसलग नक्षी होती, मला ती वेल वाटे. आत फोटो नव्हता, कारण पत्नीचा फोटो कधी काढलाच नव्हता. मी विचारलं, की हे कापताना लक्षात आलं नाही का? म्हणाले, “पहिल्या दिवसापासून लक्षात होतं. हात थांबेनात.”

लढाईचं तिसरं वर्ष होतं. सांगलीतल्या प्रदर्शनात रविवारी मी त्यांच्याबरोबर बसलो होतो. दुपारी ते भाकरी खायला नदीकडे गेले आणि मला म्हणाले, जरा बघा. तेवढ्यात पलूसच्या पलीकडच्या एका वस्तीवरची बाई आली. तिच्या हातात रुमालात बांधलेला फोटो होता. मुलगा पलटणीत होता, रजेवर घरी आलेला, आणि परत जायच्या आत फोटो भिंतीला लावायचा होता. समोरच्या फ्रेमा तिच्या फोटोला लहान पडत होत्या. मी पंचा सोडला. फोटो त्या फ्रेममध्ये अगदी मापात बसला. बाईचा चेहरा असा उजळला, की मला वाटलं, रिकामी पडून राहण्यापेक्षा ही तिथे बरी. दत्तोपंतांनाही वाईट वाटायचं नाही. मी तोंडाला येईल तो भाव सांगितला आणि ती देऊन टाकली.

ते परत आले. रिकामा पंचा बघितला. रागावतील असं मला वाटलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं, “कुणाचा फोटो लावणार म्हणाली?”

“मुलाचा. पलटणीत आहे.”

ते खाली बसले. पंच्याची घडी करत म्हणाले, “अण्णा, ती वेल नव्हती. हार होता तो.”

तोवर दहा वेळा ती फ्रेम मी हातात घेतली होती. पण त्यांनी सांगितल्यावर मला डोळ्यांपुढे तो दिसला. वरच्या दोन कोपऱ्यांतून खाली आलेले दोन सर, आणि खाली मध्यभागी गोंडा. हार आपण कुणाच्या फोटोला घालतो, हे मला कुणी सांगायला नको होतं. मी शकुन-अपशकुन मानणारा माणूस नाही. पण त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

ती परत आणायची, हे दोघांनीही न बोलता ठरवलं. मी दुसऱ्याच दिवशी निघू म्हणालो. पण दत्तोपंत रिकाम्या हातानं जायला तयार नव्हते. घरातून एक वस्तू काढायची तर त्याहून चांगली दिली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. अडचण पात्यांची होती. ती जर्मनीहून येत आणि लढाई सुरू झाल्यापासून बंद झाली होती. त्यांच्याजवळ सात उरली होती. हाराच्या फ्रेमला बारा मोडली होती, म्हणजे एका पात्यात साधारण अठरा भोकं. सातांत सव्वाशेच्या आत बसेल अशी नक्षी हवी. त्यांनी आंब्याच्या पानांचं तोरण काढलं. एकशे अठरा भोकं. दवाखान्यातून आल्यावर उजेड असेपर्यंत ते कापत. शेवटचं पातं बाहेरच्या रेघेवर, टोकाला बोटभर अंतर राहिलं असताना मोडलं. उरलेलं त्यांनी कानशीनं घासून काढलं. या सगळ्याला चोवीस दिवस लागले.

बाईचं नाव मी विचारलं नव्हतं. पलूसला उतरून आम्ही पोस्टमनला गाठलं. पलटणीतून मनिऑर्डर येणारी घरं त्याच्या भागात एकोणीस होती. अकराव्या घरी ती सापडली. तिनं मला ओळखलं, घोंगडी टाकली, गूळ-पाणी दिलं. समोरच्या भिंतीवर तिचा मुलगा त्या हारात उभा होता, गणवेशात, मान ताठ करून.

दत्तोपंतांनी आयुष्यात खोटं औषध दिलं नव्हतं. तिथे मात्र ते खोटं बोलले. त्या लाकडाला आतून भुंगा लागलाय, म्हणाले. ही नवी घ्या, पैसे नकोत. बाईनं तोरणाची फ्रेम उजेडाला नेऊन बघितली, पानांवरून बोट फिरवलं आणि ती हळूच परत त्यांच्या मांडीवर ठेवली.

“लय ग्वाड हाय वो दादा. पर त्यो खिळा माज्या पोरानं सोताच्या हातानं ठोकलाय. निगायच्या सकाळी. म्हनला, आये, म्या येस्तवर हितनं हलवू नगंस. मग म्या कशी काढू?”

“कधी गेला तो?” मी विचारलं.

“आज चौथा दिस.”

दत्तोपंतांनी माझ्याकडे बघितलं नाही. चोवीस दिवसांतले वीस तो मुलगा त्या घरात होता. आम्ही फ्रेममध्ये दोष ठेवायचा नाही म्हणून थांबलो होतो. खरं कारण सांगितलं असतं तर तिनं ती तेव्हाच काढली असती. पण मग तो विचार तिच्या घरात कायमचा राहिला असता. मी तोंड उघडलं, तेव्हा दत्तोपंतांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. ते तिला म्हणाले, “ही तुमच्याजवळ असू द्या. तो आला की त्याच्याच हातानं बदलायला सांगा.” तिनं कबूल केलं आणि ती फ्रेम धान्याच्या कणगीवर उभी करून ठेवली.

परतीच्या वाटेवर ते एकदाच बोलले : “माणसं म्हणतात, कंपाउंडरचा हात चुकू नये. हात नाही चुकला, अण्णा.”

त्यानंतर त्यांची करवत खुंटीवरच राहिली. संध्याकाळी ते सोप्यावर नुसते बसत. पलूसकडच्या हळदीच्या गाड्या आल्या की मी वजन झाल्यावर त्या बाईच्या मुलाची चौकशी करायचो आणि घरी येऊन सांगायचो. तो ब्रह्मदेशाकडे गेलाय. पत्र आलं होतं. मग, बरेच दिवस पत्र नाही. मग, अजून नाही. दत्तोपंत मान हलवत आणि बाटलीतले तुकडे उगाच हलवून बघत.

दोन वर्षांनी त्यांना विषमज्वर झाला. ज्या बाटल्या ते दुसऱ्यांना भरून देत, त्यांतलंच औषध मी त्यांना चमच्यानं पाजत होतो. एका संध्याकाळी त्यांनी विचारलं, “पलूसची गाडी आली होती का?”

मी म्हणालो, आली होती. मुलगा घरी आलाय. त्यानं फ्रेम बदलली.

“स्वतःच्या हातानं?”

“हो.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. “इतकी वर्षं तुम्ही काट्यावर आहात, अण्णा. आज पारड्याला बोट लागलं तुमचं.” मी चमचा पुसायला घेतला. त्यांनी डोळे मिटून घेतले. “राहू द्या लागलेलं,” म्हणाले.

तिसऱ्या दिवशी ते गेले.

लढाई संपून आता चार वर्षं होत आली. जर्मन नव्हे, पण कुठली तरी पाती बाजारात पुन्हा मिळू लागली आहेत. पलूस काही लांब नाही. सकाळच्या गाडीनं जाऊन संध्याकाळी परत येता येतं. घर माझ्या लक्षात आहे, भिंतही लक्षात आहे. घरातून मला दोनदा सुचवून झालं, की एकदा जाऊन बघून या, म्हणजे मन मोकळं होईल. मी गेलो नाही.

हळदीच्या दिवसांत तिकडच्या गाड्या अजून येतात. मी पोतं तोलतो, आकडा सांगतो आणि गाडीवाला काही बोलायच्या आत पुढच्या गाडीला हाक मारतो.